हिटीने फोडलेली काच

न्यूयॉर्क, ऑक्टोबर १८८६

प्रिय लेमुएल,

पत्राच्या डोक्यावर 'प्रिय' लिहावंच लागतं, आणि अर्धं आयुष्य वर्तमानपत्रात काढूनही मला त्या जागी घालायला दुसरा शब्द सापडलेला नाही, म्हणून लिहिलाय. त्यातून काही अर्थ काढू नकोस. तुझी सगळी पत्रं पोचली. अक्षर अजून तसंच देखणं आहे, कागद मात्र पूर्वीपेक्षा जाड झालाय. 'अमेरिकेच्या आद्य कथालेखिका' असा भलाथोरला ग्रंथ तू काढतो आहेस, त्यात माझी 'खिडक्या' घेतो आहेस, आणि तिच्या आधी तुझी प्रस्तावना असणार आहे, हे सगळं समजलं. प्रस्तावनेचा खर्डाही पाठवलास. त्यात मी 'टॅबर्स फॉल्ससारख्या गिरणीगावातली एक बुजरी मुलगी' आहे आणि माझ्या 'रानटी प्रतिभेला' एका समंजस संपादकाने, म्हणजे तूच, वळण लावलंय. लेमुएल, मी बुजरी कधी होते रे? माझ्या आईची गिरणीतल्या पोरींसाठी खानावळ होती. बारा-चौदा तास मागावर उभ्या राहून आलेल्या त्या भुकेल्या पोरींना वाढत वाढत मी मोठी झाले. त्या पंगतीत बुजरी मुलगी एक दिवस टिकली नसती.

आणि मग तुझं ते औदार्य! 'आता काळ बदलला आहे, वाचकांना थोडं कडू चालतं, तेव्हा गोष्टीला तुझा मूळ शेवट परत जोडायचा असेल तर माझी हरकत नाही.' तुझी हरकत नाही! हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की शेवटी घरमालकीण दार ठोठावून विचारायला आली, कोणी गेलं का म्हणून. मी म्हटलं, गेलेलं माणूस फार जुनं आहे, आता त्याचं काय. तिला काही कळलं नाही. तुला कळेल, म्हणजे कळायला हवं. पण तुझा खर्डा वाचल्यावर मला शंका वाटते, कारण त्यात हिटी कुठेच नाही. 'लेखिकेने पाहिलेल्या एका दुर्दैवी कामगार मुलीवर आधारित,' एवढंच आहे. म्हणून तुला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. ऐकून घे. मधे बोलून माझं वाक्य सुधारायची सोय पत्रात नाही, हे किती बरं आहे.

हिटी कोलबर्न व्हरमाँटच्या डोंगरातून आली होती. बापाची मेंढरं थंडीत मेली म्हणून पोरगी गिरणीत आली. मोठा आवाज, मोठे हात, आणि हसली की आईच्या टेबलावरच्या ताटल्या हलायच्या. शनिवारी काकवीत शिजवलेले घेवडे आणि काळा पाव असायचा. तेव्हा ती चमचा तोंडात उभा धरून मुकादमाची नक्कल करायची, आणि आई तोंडाला पदर लावल्यासारखा एप्रन लावून स्वयंपाकघरात पळायची. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून दोरा ओढायला त्या बायकांना तोंड लावून श्वास आत घ्यावा लागे. एकाच धोट्याला दिवसपाळीच्या सगळ्याजणींचं तोंड. दोऱ्याबरोबर कापसाची लव घशात जायची. हिटी म्हणायची, "पर्सिस, या मेल्या धोट्याने माझे जितके मुके घेतलेत ना, तितके नवऱ्याने घेतले तर मी त्याला घराबाहेर काढीन." सगळ्या हसायच्या आणि हसता हसता खोकायच्या. मीही हसायचे. खोकला तेव्हा इतका रोजचा होता की तो ऐकू येत नसे.

विणाईच्या खात्यात खिडक्या खिळे ठोकून बंद असायच्या. हवा कोरडी झाली की दोरा तुटतो, म्हणून आत वाफ सोडायची आणि खिडकी उघडायची नाही. मागावर पुस्तक न्यायला बंदी होती, पण या पोरी मोठ्या वस्ताद. वर्तमानपत्रातली कात्रणं, भजनं, गोष्टी असं जे मिळेल ते खळीने खिडकीच्या काचांना चिकटवायच्या आणि हात चालू ठेवून वाचायच्या. काच उघडायची नाहीच, तर निदान वाचायच्या तरी कामाला येऊ दे, असं हिटी म्हणे. माझं गावच्या साप्ताहिकात छापून आलेलं पहिलं चार ओळींचं काहीबाही हिटीने तिच्या मागाशेजारच्या काचेवर चिकटवलं होतं. तुझ्या मासिकात नाव येण्याच्या कितीतरी आधी मी तिथे छापली गेले होते. तो मान मला पुढे कुठेच मिळाला नाही. खरंच सांगते.

आणि मग तो फेब्रुवारी, यादवी युद्धाच्या कितीतरी आधीचा. हिटीच्या शेजारच्या मागावरची पोरगी चक्कर येऊन पडली. मुकादम म्हणाला, पडू दे, माग थांबवायचा नाही. हिटीने बसायचं लाकडी स्टूल उचललं आणि काच फोडली. थंड कोरडी हवा आत घुसली तसे एकामागून एक दोरे तुटत गेले, ओळीतले माग थांबत गेले, आणि त्या सगळ्या बायका खिडकीकडे तोंड करून नुसत्या उभ्या राहिल्या. हे मला एकीने नाही, त्या संध्याकाळी जेवायला आलेल्या प्रत्येकीने सांगितलं, आणि सांगताना प्रत्येकीने तोंड उघडून मोठा श्वास घेऊन दाखवला. मुकादमाने तासाभरात तिथे फळ्या ठोकल्या. साहेबाने हिटीला बोलावून सांगितलं, सगळ्यांसमोर माफी माग, परत घेतो. हिटी म्हणाली, "काचेचे पैसे कापून घ्या हवे तर. पण माफी मागायला आधी वाईट वाटायला हवं ना, साहेब. आणायचं कुठून?" त्याच दिवशी तिला काढलं, आणि नदीकाठच्या सगळ्या गिरण्यांना तिचं नाव कळवलं. काढलेल्या कामगाराला खानावळीत ठेवायचं नाही असा कंपनीचा नियम होता. आईने तिला वरच्या खोलीत ठेवली. साहेबाच्या माणसाने विचारलं तर म्हणाली, वर माझी भाची आहे. आईला भाची नव्हती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

मी 'खिडक्या' लिहिली ती त्याच महिन्यात, स्वयंपाकघराच्या टेबलावर, पिठाचे हात पुसत. एकच प्रत होती. शेवट असा होता की ती मुलगी माफी न मागता मरते, गिरणी तिच्यावाचून चालू राहते, आणि फळी ठोकलेल्या त्या जागी एखादी नवी पोरगी उभी राहते. मी ती तुला पाठवली. तू माझा वाग्दत्त वर होतास, आईच्या हातच्या सफरचंदाच्या पायचं तोंड भरून कौतुक करून नुकताच बॉस्टनला गेला होतास, आणि 'इव्हनिंग लॅम्प'चा संपादक होतास. तू लिहिलंस, मी वाचून रडलो. आणि लिहिलंस की नाव पूर्ण छापीन. तेव्हा बायका फुलापानांची टोपणनावं घेऊन लिहीत, नाहीतर नुसतं 'एक स्त्री' म्हणून. आणि तू मिस पर्सिस हॅलेट असं छापणार होतास. ते पत्र मी उशाशी घेऊन झोपले, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगायला लाज वाटत नाही, नुसता राग येतो.

अंक आला तेव्हा मी तो स्वतः आधी वाचलाही नाही. धावत वर गेले आणि हिटीला वाचून दाखवायला बसले. खोकल्याने खंगून ती तोपर्यंत उशीला टेकूनच असायची. काच फुटते तिथे तिने टाळ्या वाजवल्या. "आणखी जोरात वाच, खाली ऐकू जाऊ दे," म्हणाली. मग शेवट आला. शब्द माझे नव्हते, पण वाचायच्या ओघात मी थांबले नाही. मालकाचा मुलगा त्या मुलीच्या बिछान्यापाशी येतो, गुडघे टेकतो, ती त्याचा हात हातात घेते आणि म्हणते, "मला क्षमा करा, मी तुमची काच फोडली." सूर्य उगवतो, बायका भजन म्हणतात, ती हसत जाते. मी हे सगळं माझ्या तोंडाने वाचलं, लेमुएल. हिटीने वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पर्सिस, मी माफी मागितली होय गं? कधी?" मी अंक फेकून दिला, ओरडले, हे माझं नाही, हे त्याने घातलंय. तिने खाली वाकून अंक उचलला, शेवटचं पान बोटाने दाखवलं आणि म्हणाली, "नाव तर तुझंच आहे खाली. मुकादमाला जे जमलं नाही ते तुम्ही दोघांनी करून घेतलंत." रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर मला सोसलं असतं.

बॉस्टनला मी दुसऱ्या दिवशी आले ते तुला आठवत असेल. तुझ्या प्रस्तावनेत मात्र ते 'काही खाजगी कारणांनी आमच्या वाटा वेगळ्या झाल्या' असं झालंय. तू मला खुर्ची दिलीस, पाणी दिलंस, आणि लहान मुलाला समजावावं तसं समजावलंस. "पर्सिस, अगं, हे मासिक दिवाणखान्यात पोराबाळांसमोर वाचलं जातं. गोष्ट उजेडात संपायला हवी. तू रागात लिहिलं होतंस, मी नुसतं वळण दिलं." मी माझा कागद परत मागितला. तू हसलास. हस्तलिखिताचे तुकडे करून छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्यांमध्ये वाटायचे, प्रत्येकाने आपला तुकडा जुळवायचा, आणि काम झालं की ते शेगडीत घालायचे, ही छापखान्यांची रीतच. ती मलाही माहीत होती. पण माझा शेवट तर कोणी जुळवलाही नव्हता. तो न जुळवताच शेगडीत गेला. मी म्हटलं, मी परत लिहिते, पुढच्या अंकात छाप. तू म्हणालास, वाचक गोंधळतील. अंगठी मी तुझ्या मुद्रितांच्या गठ्ठ्यावर ठेवून आले. गठ्ठा उडू नये म्हणून तरी तिचा उपयोग झाला असेल.

हिटी पानगळीच्या आधी गेली. बरं झालं म्हणायची वेळ माझ्यावर आली, कारण त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला गिरणीमालकांनी 'खिडक्या'ची छोटी पुस्तिका छापली, आणि एकेका संत्र्याबरोबर सगळ्या पोरींना वाटली. तुझ्याकडून रीतसर परवानगी घेतली होती म्हणे. मागांशेजारच्या काचांवर आता मुकादम स्वतःच्या हाताने शेवटचं पान चिकटवत होता. पुस्तक आणायला बंदी असलेल्या खात्यात तेवढ्या एका पानाला परवानगी होती. मी रागाने लिहिलेली गोष्ट त्यांनी पोरींना गप्प बसवायला वापरली. आई म्हणाली, "तू इथून जा. इथे राहिलीस तर कोणाच्या तरी डोक्यात स्टूल घालशील." मग मी न्यूयॉर्कला आले.

इथलं तू ऐकून असशील. तुझ्या मासिकात माझ्या 'पुरुषी लेखणी'बद्दल नाक मुरडून यायचं तेव्हा मी कापून ठेवायचे, शेगडी पेटवायला. वर्तमानपत्राच्या कचेरीत बाईसाठी खुर्ची नव्हती, म्हणून मी घरून स्टूल नेलं. पुरुष माझ्या स्कर्टच्या काठाशी नेम धरून तंबाखू थुंकायचे. "हॅलेटबाई, पाय उचला, पूर येतोय," असा विनोद रोज व्हायचा. मी पाय उचलायचे आणि लिहायचे. बातम्यांसाठी धोबीखान्यांत काम केलं, बायकांच्या तुरुंगात राहिले, यादवी युद्धात इस्पितळांमधून लिहिलं, शिवणकाम करणाऱ्या बायकांबरोबर पोटमाळ्यावर बसले. माझ्यानंतर कचेरीत आलेल्या मुलींना खुर्च्या मिळाल्या, एवढं मी अभिमानाने सांगते. पण कुठल्याही सभेत गेले की ओळख एकच, 'त्या सुंदर गोष्टीच्या लेखिका'. रेशमी हातमोजे घातलेल्या बायका माझा हात धरून सांगायच्या, "ती मुलगी क्षमा मागते ना, तिथे मी दर वेळी रडते." त्यांच्या नवऱ्यांच्या गिरण्या होत्या. तू विचारतोस की मी पुन्हा गोष्ट का लिहिली नाही. बातमीचा शेवट बदलला तर त्याला निदान खोटं म्हणता येतं. गोष्टीचा बदलला तर लोक त्याला संपादन म्हणतात.

तरीही तुझं पत्र आल्यावर मी बसले. तुझी हरकत नव्हती ना! उन्हाळाभर तो शेवट परत लिहायचा प्रयत्न केला. बोटं वाताने आखडतात ते सोड, पण वाक्यंच येईनात. जे आलं ते रविवारच्या सदरासारखं आलं, मोजून मापून. त्या स्वयंपाकघरातल्या मुलीला जे येत होतं ते मला येत नाही. तेव्हा तू जाळलेलं ते कायमचं जळलं. मी रडले नाही, तू मला तसं प्रस्तावनेत घालू नकोस. पेन ठेवलं आणि गाडी धरून टॅबर्स फॉल्सला गेले. निदान जागा पाहिली तर आठवेल असं वाटलं. आईची खानावळ आता रद्दी कापसाचं गोदाम आहे. जेवणाची घंटा झाली तेव्हा गिरणीच्या भिंतीवर पोरी येऊन बसल्या. आता कॅनडातून आलेल्या फ्रेंच मुली जास्त दिसतात. त्यांतली एक, डेलिमा नावाची, काकवी लावलेला पाव खात होती. मी शेजारी टेकले. खिडक्या उघडतात का गं, म्हणून विचारलं. "बाई, तुम्ही नवीन दिसता," ती म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. "खिळे आहेत. मुकादमाच्या डोक्यात स्क्रू नसेल, पण खिडकीला खिळा असतो."

मी 'खिडक्या'चा विषय काढला. हशा पिकला. "ती संत्र्याबरोबर मिळते ती? आम्ही संत्रं खातो आणि पुस्तकाने चूल पेटवतो." मग डेलिमाने हात पुसले आणि मला सांगायला बसली, जणू मी पहिल्यांदाच ऐकतेय. "बाई, ते सगळं खोटं आहे. ती हिटी होती ना, तिने माफी बिफी काही मागितली नाही. साहेबाने ऑफिसात बोलावलं तर तिने टेबलावरची दौत उचलली आणि तिथलीसुद्धा काच फोडली. साहेबाच्या पांढऱ्या शर्टावर शाई! आमच्या जुन्या बायकांनी सांगितलंय, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी." लेमुएल, दौत वगैरे काही नव्हतं. मी बातमीदार आहे, मला माहीत आहे. पण हिटीला ती दौत फार आवडली असती. मला हसू फुटलं आणि त्या पोरींना वाटलं, म्हातारी खूश झाली. मग मी न राहवून विचारलं, आणि ती गोष्ट लिहिणारी? डेलिमा म्हणाली, "हॅलेटबाई? ती मालकाची चमची हो. तिला म्हणे त्याने न्यूयॉर्कला घर बांधून दिलं." दुसरी म्हणाली, "हिटीबरोबर एका ताटात जेवून हिटीलाच विकली." घंटा झाली. उठताना डेलिमाने माझा हात धरून मला भिंतीवरून उतरवलं आणि नाव विचारलं. मी आईचं माहेरचं नाव सांगितलं.

घरी येऊन मी डेलिमाने सांगितला तसा शेवट लिहिला, दौतीसकट, आणि खाली खरं काय घडलं तेही लिहिलं. फेब्रुवारी, स्टूल, फळ्या, वरची खोली, सगळं. या वेळी वाक्यं आली. गेल्या रविवारी ते माझ्या वर्तमानपत्रात छापून आलं. नाव घातलं नाही. आयुष्यभर मी नावासाठी भांडले आणि इतर बायकांनाही भांडायला शिकवलं. पण या मजकुराखाली पर्सिस हॅलेट दिसलं असतं, तर टॅबर्स फॉल्सच्या पोरींनी तो वाचलाच नसता. तू मला नाव दिलंस ते हे. मला ते चारचौघींत उच्चारता येत नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. परवाच्या पत्रात तू लिहिलंस की महिनाअखेरपर्यंत उत्तर आलं नाही तर तू माझी संमती समजशील. तू समजशील, मला माहीत आहे, आणि तेवढ्यासाठीच मी लिहायला बसले. नाहीतर मी तुला एक ओळही लिहिली नसती, तुझ्या प्रकृतीची चौकशी करायलासुद्धा नाही. मी संमती देत नाही. मूळ शेवट जोडायला देत नाही, आणि तुझ्या शेवटाखाली माझं नाव घालायलाही देत नाही. गोष्ट छापायचीच असेल तर छाप, खुशाल छाप, पण तिच्याखाली लेमुएल स्टॅनवूड असं छाप, पूर्ण नाव, ठळक अक्षरात. त्या बिछान्यावर माफी मागणारी मुलगी तुझी आहे. माझ्या ओळखीच्या मुलीला अखेरपर्यंत वाईट वाटलं ते काच फोडल्याचं नाही, माझं नाव वाचल्याचं.

एके काळी तुझीच म्हणवून घेणारी,
पर्सिस